बुजरा घोडा आणि मॅग्नेशियमची पुडी

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर पोहोचले. १४ ऑक्टोबरच्या सभेला तिथे लाखोंचा समुदाय जमला होता. सभा असो, वरात असो की जत्रा, कर्णकर्कश आवाज, फटाके आणि दाटीवाटी आता मराठवाड्यातील गावांना नवी नाही. अशा गर्दीत घोडा आणला की मात्र प्रश्न गंभीर होतो. तो उधळला तर स्वार पडतो, बघे तुडवले जातात आणि घोडाही जायबंदी होतो. म्हणून तो ‘थंड’ राहावा यासाठी खुराकातून मॅग्नेशियम देण्याचा सल्ला दिला जातो. त्यात तथ्य किती?

मज्जातंतूंकडून स्नायूंकडे संदेश जाताना कॅल्शियम उत्तेजना वाढवते, तर मॅग्नेशियम तिला आवर घालते. शरीरात मॅग्नेशियम खूपच घटले तर जनावर थरथरते, घामाघूम होते, अडखळते. यावरूनच उलट तर्क निघाला : मॅग्नेशियम वाढवले की घोडा शांत होईल. पण कमतरता भरून काढणे वेगळे आणि कमतरता नसताना जास्तीचे देणे वेगळे.

घोड्याला दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण १५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते. म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला सुमारे सव्वापाच ग्रॅम. वाळलेल्या वैरणीत ते ०.१ ते ०.३ टक्के असते. कमीत कमी प्रमाण धरले, तरी ६ किलो वैरणीतून ६ ग्रॅम मिळतात. पोटभर वैरण खाणाऱ्या घोड्यात कमतरता सहसा नसते. ती अर्धपोटी ठेवलेल्या, दूध पाजणाऱ्या किंवा उन्हात घाम गाळून राबणाऱ्या घोड्यांत संभवते. रक्ततपासणीही पुरेशी बोलकी नाही, कारण शरीरातील बहुतांश मॅग्नेशियम हाडांत आणि स्नायूंत असते.

शास्त्रीय पुरावा तुटपुंजा आहे. ऑस्ट्रेलियातील चार्ल्स स्टर्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मॅग्नेशियम दिलेल्या घोड्यांची दचकल्यानंतरची हालचाल मंदावलेली दिसली. पण घोडे मोजकेच होते आणि प्रयोगाचे वातावरण नियंत्रित होते. शिवाय हालचाल मंदावली म्हणजे भीती गेली, असे नव्हे. वरातीतल्या फटाक्यापुढे हीच पुडी टिकेल, हे त्यातून सिद्ध होत नाही.

धोके मात्र ठाऊक आहेत. एप्सम सॉल्ट, म्हणजे जुलाबाचे मीठ, हेही मॅग्नेशियमचेच. जास्त झाले की हगवण लागते, पाणी कमी पडते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम रक्तात साचते आणि घोडा ढेपाळतो. शिरेतून भराभर टोचले तर हृदय थांबू शकते. पशुवैद्यकाशिवाय असे इंजेक्शन देणे म्हणजे जिवाशी खेळ.

खुराकात आणखी एक गोम आहे. गव्हाच्या कोंड्यात मॅग्नेशियम भरपूर असते, पण फॉस्फरस त्याहून जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी. मुख्यतः कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे कालांतराने कमजोर होतात. एका खनिजाची पुडी वाढवताना बाकीचा ताळेबंद बिघडतो तो असा.

मुळात घोडा बुजतो, कारण तो शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या कुळातला आहे. त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, माणसाला न ऐकू येणारे उच्च स्वर ऐकू येतात आणि पळून जाणे हेच त्याचे संरक्षण असते. त्यात दातदुखी, टोचणारे खोगीर, चुकीची नालबंदी, वैरण कमी आणि धान्य जास्त दिल्याने झालेले जठराचे व्रण यांची भर पडली की तो चिडका होतो. हे दुखणे मॅग्नेशियमने जात नाही. उलट, गुंगलेल्या घोड्याचे दुखणे मालकाच्या लक्षातच येत नाही.

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात घोड्यांचे व्यवहार होतात. खरेदीदाराने इथे विशेष सावध असावे. बाजारात शांत दिसणारा घोडा घरी आल्यावरही तसाच राहील, याची खात्री पशुवैद्यकीय तपासणीने आणि दोन-तीन वेगवेगळ्या वेळी चालवून पाहूनच होते. जनावराला जाणूनबुजून अपायकारक पदार्थ देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, हेही विक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे.

ज्याला खरोखर कमतरता आहे, त्याला मॅग्नेशियम जरूर द्यावे. मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी. बाकीच्यांसाठी उपाय जुनेच आहेत : पोटभर कडबा, स्वच्छ पाणी, दात आणि खुरांची निगा, सोबतीला दुसरा घोडा आणि आवाजाची हळूहळू लावलेली सवय. एवढे करूनही जो घोडा गर्दीत थरथरतो, त्याला गर्दीत नेऊ नये. आवाज कमी करणे माणसाच्या हातात आहे. त्याची किंमत घोड्याच्या तोबऱ्यातून वसूल करणे शास्त्राला धरून नाही.