विश्लेषण : ‘उरलेले दिवस जगून घ्या’ हे कर्जत-खालापूरच्या रुग्णाला कसे जमावे?

मरण जवळ आल्याचे कळूनही हसत जगणारा माणूस पडद्यावर आला की प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडतात. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ (१९७१) आजही पाहिला जातो तो त्यामुळेच. पण त्यातली एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. आतड्याच्या कर्करोगाने आजारी असलेला आनंद मुंबईत येतो आणि राहतो कुठे, तर कर्करोगाच्या डॉक्टरच्याच घरी! रमेश देव यांनी रंगवलेले डॉ. कुलकर्णी हे दुसरे डॉक्टर मित्रही हाकेच्या अंतरावर. इतकी सोय असलेल्या माणसाचे हसणे खोटे नाही, पण ते फुकटातले नक्कीच नाही.

‘श्वास’ने काय वेगळे दाखवले?

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाशिवाय बनला. २००३ साठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. ‘श्यामची आई’नंतर मराठीला हा मान पहिल्यांदाच लाभला. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग झालेला असतो. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. मग आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेतात, दिसते आहे तोवर जग दाखवायला.

ही मरणाची गोष्ट नाही, तरीही या विषयावरच्या अनेक चित्रपटांपेक्षा ती खरी वाटते. कारण चित्रपटाचा मोठा भाग एकाच पेचात जातो : मुलाला हे सांगायचे कोणी आणि कसे? रुग्णालयातली समाजसेविका, डॉक्टर, आजोबा सगळे त्यात अडकतात. खरे कळल्याशिवाय ती सफर झालीच नसती. आपल्याकडे मात्र घरातली मंडळी ‘त्यांना सांगू नका’ म्हणत डॉक्टरांना बाजूला घेतात आणि ज्याचे दिवस उरलेत त्यालाच ते माहीत नसतात. मायेपोटी होते हे, पण अन्यायच.

कर्जतच्या रुग्णाची अडचण कोणती?

चित्रीकरण कर्जतला नवे नाही. खालापूर तालुक्यातल्या चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’चे महाल उभे राहिले. त्याच परिसरातला कर्करोगाचा रुग्ण मात्र पहाटेची लोकल पकडतो. कर्जतहून सीएसएमटी सुमारे १०० किलोमीटर, खोपोली त्याहून पुढे. परळच्या टाटा रुग्णालयात जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. आदिवासी वाडीवरून येणाऱ्याला तर आधी स्टेशन गाठायचे असते, आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. उपचार चालू असेपर्यंत ही धावपळ समजू शकते. ‘आता घरी न्या’ असे सांगितल्यानंतरही केवळ वेदनाशामक औषधासाठी ती करावी लागणे हे मात्र क्रूर आहे.

वेदनेने रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला ‘जगून घ्या’ सांगण्यात काय अर्थ? तीव्र वेदनेवर तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन हे जुने, स्वस्त औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. भारतात अफूची कायदेशीर शेतीही होते. तरी १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की रुग्णालयांनी ते ठेवणेच टाळले. २०१४च्या दुरुस्तीने ही गाठ बरीच सैल झाली : राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला, प्रशिक्षित डॉक्टर आणि साठ्याच्या चोख नोंदी असतील तर, मॉर्फिन ठेवता येते. डॉक्टरांच्या मनातली भीती मात्र दुरुस्तीने जात नाही, आणि घरच्यांना ‘सवय लागेल’ ही धास्ती असतेच. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाबाबत ही धास्ती किती निरर्थक आहे, हे कुणीतरी घरी बसून समजावायला हवे. आशा सेविका वाडीवर पोहोचतातच. त्यांना या कामाचे प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला दिला, तर ते त्याही करू शकतील.

खालापूरमध्ये तांबाटी येथे टाटा स्मारक केंद्राच्या रुग्णालयासाठी जागा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला आहे. त्याचे स्वागतच. पण वेदनाशमनासाठी नव्या इमारतीची वाट पाहायची गरज नाही. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालये आजही उभी आहेत. तिथे एक प्रशिक्षित डॉक्टर, एक परिचारिका आणि कुलूपबंद कपाट, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.