पुरस्कारांची रात्र

मराठी सुभेदारांच्या काळी काही कुटुंबे झाशीत येऊन स्थायिक झाली. अशाच एखाद्या घरातील कामगाराला सकाळी मालगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या रेल्वे कारखान्यात पाळीवर जायचे असते. तरीही तो मध्यरात्रीपर्यंत चित्रपट-पुरस्कारांचा सोहळा पाहत बसतो. त्याला हसणे सोपे आहे. परंतु सर्वच सोहळे सारखे नसतात.

२००२ साली आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' ऑस्करच्या परकीय भाषेतील अंतिम पाच चित्रपटांत होता. 'मदर इंडिया' आणि 'सलाम बॉम्बे' यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो तिसराच भारतीय चित्रपट. लॉस एंजेलिसला २४ मार्चची संध्याकाळ होती, तेव्हा भारतात २५ मार्चची सकाळ झाली होती. निकाल कोणालाच ठाऊक नव्हता. पुरस्कार बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ला मिळाला. निराशा झाली खरी, पण त्या सकाळची उत्कंठा खोटी नव्हती.

मुंबईतील अनेक सोहळ्यांचे तसे नसते. ते आधीच पार पडतात, विजेत्यांची नावे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि त्यानंतर काही दिवसांनी तो कार्यक्रम जाहिरातींसह रात्री दाखवला जातो. १९५४ मधील पहिल्या फिल्मफेअर समारंभात अवघे पाच पुरस्कार होते. आता पुरस्कार उदंड आणि नृत्ये त्याहून उदंड! नृत्यांची आवड असणाऱ्याने ती जरूर पाहावीत. मात्र जुन्या झालेल्या निकालासाठी कामगाराने झोप का मोडावी? तोच कार्यक्रम पुष्कळदा रविवारी दुपारी पुन्हा दाखवतात.