डोक्याला शॉट? नाही, चुंबक!

‘डोपामिन’ हा शब्द हल्ली ऑफिसात कटिंग चहाइतका स्वस्त झालाय. बॉसने मेलवर ‘गुड जॉब’ लिहिलं, डोपामिन. सेलमध्ये शूज मिळाले, डोपामिन. आता कुणी म्हणालं की डोक्याला चुंबक लावूनही डोपामिन सुटतं, तर आपण काय म्हणणार? ‘कुठे मिळतं, ईएमआय आहे का?’

थांबा जरा. गोष्ट खरी आहे, पण आपण समजतो तशी नाही.

या प्रकाराचं नाव टीएमएस. 1985 साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा करून दाखवला. शाळेतला फॅरेडे आठवतोय? चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज खेळते. इथे तारेच्या जागी मेंदूतल्या पेशी, एवढाच फरक. भूल नाही, शॉक नाही. डोक्यावर टकटक होते, बस्स.

गोची अशी, की नेहमीच्या कॉइलचा जोर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर आत पोचतो आणि डोपामिनचा कारभार चालतो बराच खोल. मग? 2001 साली मॉन्ट्रियलमध्ये अँटोनियो स्ट्राफेला आणि मंडळींनी आठ धडधाकट माणसांच्या कपाळामागच्या डाव्या भागाला चुंबकाचे ठोके दिले आणि रॅक्लोप्राइड नावाचं किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून पेट स्कॅन काढले. हे द्रव्य डोपामिनच्याच सीटवर जाऊन बसतं. सीट आधीच भरलेली असेल, तर बिचारं उभं! (विरार लोकल, दुसरं काय.) स्कॅनमध्ये डाव्याच बाजूच्या ‘कॉडेट’ या खोलवरच्या भागात रॅक्लोप्राइडला जागा कमी मिळाली. म्हणजे तिथे डोपामिन सुटलं होतं. चुंबकाने नुसतं दार वाजवलं, निरोप आत नेला तो मेंदूच्याच तंतूंनी.

आणि मौजमजा, लालूच, शॉपिंग यांच्याशी ज्याचं नाव जोडतात त्या ‘न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स’मध्ये? काहीच फरक नाही! तेव्हा शूजवालं डोपामिन ते हे नव्हे.

पुढे 2006 साली याच स्ट्राफेलांच्या टीमने पार्किन्सनच्या पेशंट्सना खोटं टीएमएस दिलं. तरी डोपामिन सुटलं. निव्वळ आशेवर! यावरून काहीजण सगळंच थोतांड ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. खऱ्या आणि खोट्या कॉइलची तुलना झाल्यावरच 2008 साली अमेरिकेच्या एफडीएने, औषधाला दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी पहिल्या मशिनला परवानगी दिली. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, आणि येतो तो डोपामिनमुळेच, असंही अजून सिद्ध झालेलं नाही.

हे सगळं मी वाचत बसले ते मावसभावासाठी. गोळ्यांनी आठ महिने काही हललं नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याला टीएमएस सुचवलंय. मावशीला वाटतंय, पोराला शॉक देणार. त्याचा प्रश्न वेगळाच, ‘‘ताई, ते लावल्यावर मी उगाचच खूश राहीन का गं?’’ नाही रे बाबा. हे काही सुखाचं इंजेक्शन नव्हे. पूर्वी कधी फिट आली असेल किंवा डोक्यात धातूची क्लिप, कानात इम्प्लांट असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. बाकी आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे जाऊन बसायचं.

‘‘सहा आठवडे?’’ तो म्हणाला, ‘‘आणि मॅनेजरला काय सांगू?’’