जानुमर्म आणि मर्दनाचा संयम

गुडघ्याची वाटी वारंवार सरकत असल्यास नडगीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून योग्य जागी स्क्रूने बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. घरी परतलेला असा रुग्ण सातारा-सांगलीकडे तेलासाठी आपल्याचकडे येतो. सुश्रुताचार्यांनी जानुमर्माच्या आघाताने खंजता सांगितली. भग्नसंधानास प्रथम वयात एक, मध्यम वयात दोन व वार्धक्यात तीन महिने सांगितले. म्हणून हाड जुळल्याचा निर्वाळा शल्यचिकित्सक देईपर्यंत मर्दन वर्ज्य मानावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोटरी सुजून दुखत असल्यास रक्ताची गुठळी संभवते. तेथे चोळणे प्राणावर बेतू शकते. अशा रुग्णास औषधविक्रेत्यांनी तेल न देता तत्काळ रुग्णालयात धाडावे. तोवर पथ्य आणि सांगितलेला व्यायाम सांभाळणे हेच आपले कर्तव्य होय.