‘नेटवर्क पोहोचले’ म्हणजे नक्की कुठे पोहोचले?

दूरसंचार विभागाच्या फेब्रुवारी २०२५च्या आकडेवारीनुसार देशातील ९९.६ टक्के जिल्ह्यांत ५जी सेवा उपलब्ध झाली होती. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सेवा अडीच वर्षांच्या आत इतकी पसरावी आणि साडेचार लाखांहून अधिक ५जी केंद्रे उभी राहावीत, हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने मोठे काम आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो या विधानातील ‘जिल्हा’ या शब्दाला.

टक्केवारीला अर्थ येतो तो छेदामुळे, हे शाळेतच शिकवले जाते. गुजरातमधील कच्छ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५,६७४ चौरस किलोमीटर आहे. चौदा जिल्ह्यांचे संपूर्ण केरळ राज्य त्याहून लहान आहे, सुमारे ३८,८६३ चौरस किलोमीटर. आपल्याकडील ५जी प्रामुख्याने ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर चालते. मोकळ्या सपाट जागी अशा एका केंद्राची पोहोच उदार मनाने दोन किलोमीटर धरली, तरी त्याखाली साडेबारा चौरस किलोमीटर जमीन येते, म्हणजे कच्छचा सुमारे ३,६५०वा भाग. कच्छमध्ये एकच केंद्र आहे असे मुळीच नाही. परंतु तिथे एक केंद्र असो वा एक हजार, जिल्हानिहाय टक्केवारीत कच्छची नोंद एकसारखीच होते. हजारपट फरक ज्याला दिसत नाही, त्या साधनाला प्रयोगशाळेत आपण मोजपट्टी म्हणणार नाही.

जिल्ह्याऐवजी गाव घेतले तर चित्र थोडे स्पष्ट होते. सप्टेंबर २०२४च्या सरकारी माहितीनुसार देशातील ६,४४,१३१ गावांपैकी ६,२३,६२२ गावांत मोबाइल सेवा होती आणि ६,१५,८३६ गावांत ४जी. वजाबाकी केली की सुमारे २०,५०० गावांत कोणतीच मोबाइल सेवा नव्हती आणि २८,००० हून अधिक गावांत ४जी नव्हते, असे दिसते. ९९.६ टक्क्यांच्या बातमीत ही गावे कुठेच नसतात, कारण ती ज्या जिल्ह्यांत आहेत ते जिल्हे ‘पोहोचलेले’ आहेत.

आणि गाव म्हणजे तरी काय? महसुली नोंदीतले एक नाव. प्रत्यक्षात त्या नावाखाली महाराष्ट्रात वाड्या आणि पाडे असतात, राजस्थानात ढाण्या, झारखंडमध्ये टोले, तर हिमालयाच्या उतारांवर एकाच गावाची घरे दोन-तीन टेकड्यांवर विखुरलेली असतात. मुख्य वस्तीवर रेंज आली की गाव मोजले जाते आणि डोंगरापलीकडचा पाडा त्याच क्षणी नकाशावरून पुसला जातो. त्यानंतर त्या पाड्याने तक्रार केली, तरी उत्तर तयार असते : आपले गाव आमच्या नोंदीत ‘व्याप्त’ आहे.

यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. अँटेना सारख्याच धरल्या, तर मोकळ्या अवकाशातही ७०० मेगाहर्ट्झच्या तुलनेत ३५०० मेगाहर्ट्झवर ग्राहकाच्या अँटेनाला मिळणारी शक्ती पंचवीस पटींनी कमी असते, म्हणजे सुमारे १४ डेसिबलची घट. आधुनिक ५जी केंद्रे अनेक अँटेनांच्या साहाय्याने किरणपुंज वळवून त्यातली काही तूट भरून काढतात. परंतु काँक्रीटच्या भिंती, पत्र्याची छपरे, दाट झाडी आणि मध्ये येणारी टेकडी यांच्याशी उच्च वारंवारतेच्या लहरींचे फारसे जमत नाही. म्हणूनच ‘रस्त्यावर रेंज आहे, घरात नाही’ हा अनुभव काल्पनिक नसतो. सेवेच्या दर्जाची चाचणी अनेकदा महामार्गावरून किंवा शहरातील रस्त्यांवरून धावणाऱ्या वाहनातून होते. घराच्या आतली घट तिथे दिसणार कशी?

रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या आहेत आणि पान मात्र उघडत नाही, हा प्रकार वेगळा. फोन ते मनोरा हा प्रवासाचा पहिला टप्पा झाला. मनोऱ्यापासून पुढे माहिती वाहून नेणारा मार्ग फायबरचा नसेल, मर्यादित क्षमतेच्या सूक्ष्मलहरी दुव्याचा असेल, तर शेकडो ग्राहक त्या एकाच अरुंद नळीत कोंडले जातात. २०१८च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने किमान ६० टक्के केंद्रे फायबरने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते याच कारणासाठी. व्याप्तीच्या टक्केवारीत या दुसऱ्या टप्प्याला जागाच नाही.

आता ‘ब्रॉडबँड’ या शब्दाचा इतिहास पाहा. २००४च्या धोरणात २५६ किलोबिट प्रतिसेकंद म्हणजे ब्रॉडबँड होते. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली. २०१२च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने २०२० पर्यंत किमान २ मेगाबिट वेगाच्या ६० कोटी जोडण्यांचे स्वप्न दाखवले होते. परंतु व्याख्या २ मेगाबिटवर आली ती जानेवारी २०२३ मध्ये. मधल्या काळात, २०१८च्या धोरणाने प्रत्येक नागरिकाला २०२२ पर्यंत ५० मेगाबिटचे आश्वासन दिले. आश्वासन ५० मेगाबिटचे आणि मोजणी २ मेगाबिटची, असा हा व्यवहार आहे. २०२४च्या अखेरीस देशात ९४ कोटींहून अधिक ब्रॉडबँड जोडण्या होत्या असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा त्यांतील तारेच्या जोडण्या जेमतेम ४ कोटींच्या घरात होत्या, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे. उरलेली सगळी इमारत मोबाइलवर, म्हणजे त्या क्षणी मनोऱ्यावर किती गर्दी आहे यावर उभी आहे.

सरासरी वेगाचे आकडेही जपून वाचावेत. लोकप्रिय चाचणी-अ‍ॅपमधून मिळणारा सरासरी किंवा मध्यक वेग हा चाचणी करू शकलेल्यांचा वेग असतो. ज्याच्या फोनवर रेंजच नाही, त्याची चाचणी सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. त्याची नोंद ‘शून्य’ अशीही होत नाही, ती होतच नाही. संख्याशास्त्रात याला नमुन्याचा पूर्वग्रह म्हणतात. जाळे जिथे सर्वांत दुबळे, तिथला आवाज मोजणीतून सर्वांत आधी गळतो.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर इतके लिहिण्याची गरज नव्हती. परंतु ‘व्याप्त’ हा शिक्का बसला की त्यावर पुढचे निर्णय रचले जातात. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या सार्वजनिक कामांवरील हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, छायाचित्रांसह, दिवसातून दोनदा नोंदवणे बंधनकारक झाले. रेंज नसेल तर छायाचित्र आधी काढून नंतर चढवण्याची सोय दिली गेली. याचा सरळ अर्थ असा की, कुणीतरी फोन घेऊन रेंज शोधत टेकडी चढायची आणि ते जमले नाही तर इतरांची मजुरी अडायची. रेशन दुकानात अंगठ्याची ओळख पटवणारे यंत्रही जाळ्यावरच चालते. विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा अर्ज केवळ ऑनलाइन भरता येतो. शासन आपल्या प्रत्येक सेवेसाठी जाळे गृहीत धरते आणि जाळे नसल्याची शिक्षा मात्र नागरिकाला होते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी जवळचे उदाहरण ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेचे आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी व संशोधक. ही योजना मनापासून स्वागतार्ह आहे. परंतु दुर्गम तालुक्यातल्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थिनीला त्या नियतकालिकातला एक शोधनिबंध उतरवून घेण्यासाठी अर्धा तास लागत असेल, तर तिच्यासाठी सदस्यता कागदावरच राहते. ज्ञानाची दारे उघडली, पण तिथवरचा रस्ता झालाच नाही.

रस्त्याचे आश्वासन मात्र जुने आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेला मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती आणि मुदत दोन वर्षे. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाला. १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा लाख गावांना एक हजार दिवसांत फायबर देण्याची घोषणा झाली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी मिळाली आणि त्यात ग्रामपंचायतीबाहेरच्या सुमारे ३.८ लाख गावांना जोडणी ‘मागणीनुसार’ देण्याचे ठरले. ‘सर्व गावे’ ते ‘मागेल ते गाव’ हा प्रवास फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. सरकारपक्ष बदलला, घोषणा बदलल्या, पण मुदत उलटल्यावर हिशेब न देण्याची सवय तीच राहिली.

२०२५ पर्यंत २.१४ लाख ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ असल्याचे सांगण्यात आले. हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा. सज्ज असणे म्हणजे सुरू असणे नव्हे. सुरुवातीच्या टप्प्यातली रचना बहुतांशी सरळ रेषेतली होती : तालुक्याच्या केंद्रापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकच तंतू. रस्ता रुंद करताना जेसीबीने तो तोडला की पुढचे सगळे बंद. सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचना स्वीकारली गेली, म्हणजे एका बाजूने तंतू तुटला तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी. हा बदल योग्यच आहे, पण जुनी रचना किती दिवस बंद पडून राहत होती, याचा ग्रामपंचायतनिहाय हिशेब जनतेसमोर कधी ठेवला गेला?

‘भारताचा भूगोलच कठीण आहे’, असे यावर उत्तर मिळते. कठीण आहेच. परंतु ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून अंदमान-निकोबारपर्यंत सुमारे २,३०० किलोमीटरची सागरी फायबर केबल कार्यान्वित झाली. जानेवारी २०२४ मध्ये कोची-लक्षद्वीप केबलचे उद्घाटन झाले. बंगालच्या उपसागराच्या तळाशी तंतू अंथरू शकणाऱ्या देशाने डोंगराआडच्या पाड्याबाबत भूगोलाची सबब सांगू नये. शिवाय या कामासाठी स्वतंत्र पैसा आहे. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम पूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधीत आणि आता ‘डिजिटल भारत निधी’त जमा होते. आपल्या प्रत्येक रिचार्जमधला एक अंश त्यात आहे. तो कुणासाठी खर्च व्हावा हे ठरवायचे, तर जाळे नेमके कुठे नाही हे आधी प्रामाणिकपणे मोजावे लागेल.

प्रामाणिक मोजणी अशक्य नाही. अमेरिकेतही पूर्वी जनगणनेच्या एखाद्या गटात एका घराला सेवा मिळू शकत असेल, तर संपूर्ण गट ‘सेवायुक्त’ मानला जाई. चूक तीच, फक्त छेद वेगळा. २०२० मध्ये तिथे कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये घर-इमारतनिहाय नकाशा प्रसिद्ध झाला. महत्त्वाचे म्हणजे, नकाशातील दाव्याला आव्हान देण्याचा मार्ग नागरिकांना मिळाला. आपल्याकडेही ‘ट्राय’च्या २०२४च्या सेवा-दर्जा विनियमांनी कंपन्यांना व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे भाग पाडले आहे. हे पहिले पाऊल चांगले आहे. मात्र असे नकाशे सहसा लहरींच्या प्रसाराच्या गणिती प्रारूपांवरून काढलेले असतात. प्रारूप म्हणजे अनुमान, आणि अनुमान निरीक्षणाने तपासायचे असते. ज्याची सेवा, त्याचाच नकाशा आणि त्याचेच प्रमाणपत्र, ही पद्धत विज्ञानाची नव्हे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. व्याप्तीचे एकक जिल्हा किंवा महसुली गाव नको, वस्ती हवी. घराबाहेरची आणि घरातली रेंज वेगवेगळी नोंदवावी. मोजमापाची पद्धत आणि मूळ विदा सर्वांना खुली असावी. भारतनेटच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत जोडणी महिन्यातून किती तास चालू होती, हे जाहीर व्हावे. नकाशातील चुकीच्या दाव्याला ग्रामसभेच्या ठरावाने आव्हान देता यावे आणि ठरावीक मुदतीत प्रत्यक्ष जागेवर तपासणी व्हावी. आणि अशी तपासणी झाल्याखेरीज त्या वस्तीत हजेरी, रेशन किंवा शिष्यवृत्ती यांसाठी ऑनलाइन नोंदीची सक्ती करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, यातला एक भाग आपल्याला आजपासून करता येईल. अनेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद डेसिबल-मिलिवॉटमध्ये दिसते. ४जीवर ती उणे ११०च्या खाली गेली की सेवा डळमळू लागते. आपल्या गावी, घरात आणि घराबाहेर, सकाळी आणि रात्री, आठवडाभर हे आकडे लिहा. स्थळ, वेळ, कंपनी आणि फोनचे प्रारूप यांची नोंद ठेवा. रेंज नसेल तिथे जागा रिकामी न सोडता ‘सेवा नाही’ असे स्पष्ट लिहा. मग तो तक्ता कंपनीच्या नकाशाशेजारी ठेवा आणि तफावत असेल तर ग्रामसभेत, कंपनीकडे आणि दूरसंचार विभागाच्या तक्रार-यंत्रणेकडे लेखी मांडा.