शाळेच्या लॉटरीवर पालकांचा राग. पण खरी गोची लॉटरीच्या आधीच

फेब्रुवारी-मार्च आला की महाराष्ट्रात पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांमध्ये एकच प्रश्न फिरू लागतो : ‘नंबर लागला का?’ शिक्षण हक्क कायद्यातील, म्हणजेच आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांची ही सोडत. ज्यांचा नंबर लागतो त्यांच्या घरी पेढे वाटले जातात. ज्यांचा लागत नाही ते मोबाईलवर पुन्हा पुन्हा पोर्टल उघडून प्रतीक्षायादी बघत बसतात. ‘मुलाचं शिक्षण म्हणजे काय मटका आहे का?’ हा संतापही दरवर्षीचाच.

आकडे पाहिले तर हा संताप समजतो. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षासाठी महाराष्ट्रात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले तीन लाखांहून अधिक. म्हणजे तिघांपैकी एकाला जागा, दोघे बाहेर. इंदूर, वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव नवा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पालकांची तक्रार मात्र वेगळीच आहे. त्यांच्याकडे चिडायला लॉटरीच फारशी उरलेली नाही.

लॉटरी आली कुठून?

मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील, परिसरातल्या मुलांना द्यायच्या आहेत. आठवीपर्यंत त्यांचे शिक्षण मोफत आणि त्याचा ठरावीक परतावा सरकारने शाळेला द्यायचा, अशी ही रचना.

याच कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी मुलांची परीक्षा, पालकांची मुलाखत आणि देणगी या तिन्हींवर बंदी घातली. एका मुलाला डावलून दुसऱ्याला निवडण्याची कोणतीही ‘चाळणी’ चालणार नाही. अपवाद एकच, कोणाच्याही हातात नसलेल्या यादृच्छिक निवडीचा. म्हणजेच चिठ्ठीचा. पूर्वी ‘वडिलांचं शिक्षण किती, आईला इंग्रजी येतं का’ असे विचारून प्रवेश ठरत. त्या जागी ही सोडत आली.

केंद्रीय विद्यालयांचे उदाहरण ताजे आहे. एप्रिल २०२२ पर्यंत प्रत्येक खासदाराला वर्षाला दहा मुलांच्या प्रवेशाची शिफारस करता येत होती. तो कोटा रद्द झाला. बदली होणारे केंद्रीय कर्मचारी आणि सैन्यातले जवान यांच्या मुलांना तिथे आजही प्राधान्य आहे. त्यामुळे बेळगावसारख्या लष्करी केंद्राच्या गावात सामान्य शेतकऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या मुलाचा क्रम खाली जातो. पण निदान खासदाराच्या ओळखीने एखादी जागा जात नाही. लॉटरी हटवा म्हणणाऱ्यांनी तिच्या जागी काय येईल, हेही विचारात घ्यायला हवे. परीक्षा आली तर शिकवणीचे पैसे असणारे पुढे जातील. ‘आधी येईल त्याला’ असे केले तर रात्रभर रांगेत उभे राहू शकणारे किंवा इंटरनेट चांगले असणारे पुढे जातील. राहिला वशिला, तो तर कुणालाच नको आहे.

कागलला एक नियम, निपाणीत दुसरा

कागल आणि निपाणी ही एकाच महामार्गावरची गावे. बोली तीच, पाहुणेरावळे तेच. संसदेचा कायदाही एकच. तरी कागलमधल्या मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाला खासगी शाळेतल्या राखीव जागेसाठी अर्ज करता येतो आणि निपाणीतल्या तशाच कुटुंबाला जवळजवळ करता येत नाही.

याचे कारण २०१९ सालचे. कर्नाटक सरकारने त्या वर्षी आरटीईचे नियम बदलले. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळेत २५ टक्क्यांची जागा मिळणार नाही, असा तो बदल. ३१ मे २०१९ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्याआधी राज्यात दरवर्षी लाखाहून अधिक जागा या मार्गाने उपलब्ध होत. गावोगावी सरकारी शाळा असल्याने नव्या नियमानंतर हा आकडा एकदम कोसळला.

सरकारचे म्हणणे सरसकट चुकीचे नव्हते. सरकारी शाळा ओस पडत असताना त्याच मुलांची फी खासगी शाळांना का भरायची, हा प्रश्न रास्त आहे. पण नियमाने परिसरात शाळा ‘आहे की नाही’ एवढेच पाहिले. ती कशी चालते, शिक्षक पुरेसे आहेत का, दोन-तीन वर्ग एकाच शिक्षकाकडे आहेत का, हे पाहिले नाही. खासगी शाळेचे दार लावून घेतले म्हणून सरकारी शाळा आपोआप भरत नाही. ज्याला परवडते तो कर्ज काढून फी भरतो. ज्याला परवडत नाही त्याची निवड तिथेच संपते.

चंदगड तालुक्यातल्या शिनोळी भागाची अडचण उलटी आहे. त्यांचा बाजार, दवाखाना, नोकरी सगळे बेळगावला. मुलांना बेळगावच्या शाळेत घालणेही अनेकांना सोयीचे. पण महाराष्ट्राच्या आरटीई पोर्टलवर महाराष्ट्रातल्याच शाळा दिसतात. घरापासूनचे अंतर मोजणारी यंत्रणा राज्याच्या हद्दीवर येऊन थांबते.

महाराष्ट्राने तोच रस्ता धरला, पण

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्रानेही कर्नाटकसारखाच बदल केला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट मिळाली. एप्रिलमध्ये पोर्टल उघडले तेव्हा जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळा धरून आठ लाखांहून अधिक जागा दाखवल्या गेल्या. अर्ज मात्र लाखावरही गेले नाहीत. या शाळांत प्रवेश तसाही सहज मिळतो, मग अर्ज करून उपयोग काय, असा पालकांचा साधा हिशेब होता.

६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हस्तक्षेप केला नाही. पुन्हा अर्ज मागवले गेले, तेव्हा सुमारे लाखभर जागांसाठी दोन लाखांहून अधिक पालक रांगेत होते.

निकाल पालकांच्या बाजूने लागला, पण किंमतही त्यांनीच मोजली. सोडत जूनच्या पहिल्या आठवड्यात निघाली आणि यादी जाहीर झाली न्यायालयाच्या निकालानंतर, जुलैच्या उत्तरार्धात. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. कुणी उसनवारी करून दुसरीकडे फी भरली होती, कुणी मुलाला घरीच ठेवले होते. या मनस्तापाचे मूळ सोडतीत नव्हते. प्रवेशाचे वेळापत्रक तोंडावर असताना नियम बदलले गेले, हे त्याचे मूळ.

आधी कागद की आधी चिठ्ठी?

राज्याराज्यांत आणखी एक फरक आहे आणि मराठी वाचकांनी तो शेजाऱ्यांकडून समजून घेण्यासारखा आहे. मध्य प्रदेशात ऑनलाइन अर्जानंतर मूळ कागदपत्रांची पडताळणी आधी होते आणि पात्र ठरलेली मुलेच लॉटरीत जातात. तिथे गाव किंवा वॉर्ड, मग शेजारचा परिसर असा क्रम लागतो. गुजरातमध्येही अर्ज तपासून मंजूर किंवा नामंजूर होतात आणि त्यानंतर शाळा वाटप होते. महाराष्ट्रात याच्या उलट. आधी चिठ्ठी, नंतर पडताळणी समितीपुढे कागद.

कागदावर हा फरक किरकोळ वाटेल. पण नंबर लागल्याचा मेसेज आल्यावर ‘भाडेकरार नोंदणीकृत नाही, चालणार नाही’ असे ऐकणाऱ्या आईला तो किरकोळ नसतो. घराचे अंतर नकाशावर चुकीचे नोंदले गेले, उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, जन्मदाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव जुळले नाही, अशा कारणांनी हातात आलेली जागा जाते. अर्ज आधी तपासला असता तर चूक वेळीच दुरुस्त झाली असती. दुसरीकडे, खोट्या पत्त्यावर अर्ज करणाऱ्यालाही सोडतीआधीच बाहेर काढता आले असते. प्रामाणिक पालकाची संधी कमी होते ती अशा अर्जांमुळेही.

उत्पन्नाच्या अटीतही मोठी तफावत आहे. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक एक लाख रुपयांची मर्यादा आहे. गुजरातने मार्च २०२५ मध्ये ती थेट सहा लाखांवर नेली. वडोदऱ्यातल्या नोकरदार मराठी कुटुंबाला आता अर्ज करता येतो, हे चांगलेच. पण जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, तर आधी पात्र असलेल्या अत्यंत गरीब मुलाची संधी गर्दीत घटते. महाराष्ट्रात उलट, रोजंदारीवर राबणारी दोन माणसे घरात असली तरी लाखाची मर्यादा ओलांडली जाते. मग दाखल्यावरचे उत्पन्न आणि खरे उत्पन्न यांच्यात अंतर पडू लागते.

नंबर लागल्यावरही सुटका नाही

ज्यांचा नंबर लागतो त्यांचे सगळे सुरळीत होते, असेही नाही. महाराष्ट्रात सरकार एका मुलामागे वर्षाला १७ हजार ६७० रुपयांपर्यंत परतावा देते. तो वेळेवर मिळत नाही, ही शाळांची कायमची तक्रार आहे. पैसे अडकले की शाळा नाराज, आणि ती नाराजी गणवेश, पुस्तके, सहलीच्या नावाने पालकापर्यंत पोहोचते. गुजरातमध्ये गणवेश-दप्तरासाठी पालकांना वर्षाला ३ हजार रुपये मिळतात. इतरत्र हा खर्च बहुतेक वेळा घरच्याच खिशातून जातो.

शिवाय हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतचे. नववीत पूर्ण फीचे पत्रक हातात पडते. आठ वर्षे त्या शाळेत रुळलेल्या मुलाला काढून दुसरीकडे घालायचे की कर्ज काढायचे, हा पेच पहिलीतल्या प्रवेशाच्या आनंदात कुणाच्या लक्षात येत नाही.

पिशवीत चिठ्ठ्या पुष्कळ आणि जागा कमी, यालाही आणखी एक कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आरटीईतून पूर्ण सूट दिली. शहरांतल्या अनेक जुन्या, नावाजलेल्या मिशनरी शाळा त्यामुळे या यादीतच नाहीत. योगायोग असा की त्याच दिवशी, कर्नाटकच्याच प्रकरणात, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकार पालकांवर लादू शकत नाही, असाही निकाल आला. पालकाला माध्यम निवडण्याचा अधिकार मिळाला. पण निवडायला पुरेशा परवडणाऱ्या जागा मिळाल्या नाहीत.

शेजारच्या शाळेचा प्रश्न

सीमाभागात या सगळ्याला भाषेची धार आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी घटनेच्या कलम ३५०अ ने राज्यांवर टाकली आहे. ते कलम हातात धरून बेळगाव भागात मराठी शाळांसाठी अनेक वर्षे भांडणे झाली. त्याच घरांतली पुढची पिढी आज इंग्रजी माध्यमाच्या जागेसाठी धडपडते. यात दांभिकपणा शोधण्यापेक्षा कारण शोधलेले बरे. कर्नाटकने २०१९ मध्ये एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले, वर्गाला ३० मुलांची मर्यादा घालून. पालकांना काय हवे आहे, हे सरकारलाही तेव्हाच कळले होते. मराठी घराला मराठी नकोशी झालेली नाही. चांगले इंग्रजी, पुरेसे शिक्षक आणि नियमित भरणारा वर्ग या तीन गोष्टी मराठी शाळेत मिळाल्या, तर बरेच पालक दूरच्या बसची फी वाचवतील.

लॉटरीत तीन लाख अर्ज येतात, तेव्हा तीन लाख घरांनी शेजारच्या सरकारी शाळेवर आपले मत नोंदवलेले असते. शिक्षण खात्याने त्या आकड्याकडे तसेच पाहायला हवे. कर्नाटकने लॉटरीची वाट बंद केली, महाराष्ट्राने बंद करून पाहिली. पण शेजारची शाळा निवडावीशी वाटेल, यासाठी दोन्हीकडे तेवढ्या घाईने काही झाले नाही.

तोवर निदान काही गोष्टी पालक संघटनांना आणि लोकप्रतिनिधींना मागता येतील. कागदपत्रांची पडताळणी सोडतीच्या आधी व्हावी. अर्ज सुरू होण्याच्या तोंडावर नियम बदलू नयेत. शाळानिहाय भरलेल्या व रिकाम्या जागा आणि प्रतीक्षायादीचा क्रम सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. शाळांचा परतावा वर्षाच्या वर्षाला मिळावा. नववी-दहावीसाठी काही आधार असावा. कर्नाटकात, परिसरातल्या सरकारी शाळेत पुरेसे शिक्षक नसतील तर ती शाळा ‘उपलब्ध’ धरू नये. यातली एकही मागणी लॉटरी रद्द करा, अशी नाही.

येत्या हंगामात अर्ज करणाऱ्यांनी आपल्यापुरते एवढे तरी करावे : उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला आणि आधारवरची नावे आत्ताच जुळवून घ्यावीत, भाडेकरार नोंदणीकृत करून घ्यावा आणि पोर्टलवर घराचे ठिकाण टाकताना नकाशा दोनदा तपासावा. नंबर लागणे कुणाच्या हातात नाही. लागलेला नंबर कागदापायी जाऊ न देणे मात्र बऱ्याच अंशी हातात आहे.