दुखण्याचा दाखला

क्ष-किरण चित्रात हाडे निर्दोष दिसली, रक्ताच्या तपासणीत काही निघाले नाही, आणि तरीही जिची कंबर वर्षानुवर्षे दुखत राहते, त्या गृहिणीवर आपल्या कुटुंबात दुहेरी भार पडतो: दुखणे तर सोसायचेच, शिवाय ते खरे असल्याची शाबितीही तिनेच करायची. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता मनातून काढून टाका,’ हा उपदेश सद्हेतूने केलेला असला, तरी त्यात दडलेला लबाडीचा संशय तिला दुखण्याहूनही अधिक जाचतो.

वेदनेत मनाचा अंश असतो, हे निर्विवाद आहे. परंतु तेवढ्यावरून ती काल्पनिक ठरविणे हा तर्कदोष तर आहेच, अन्यायही आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर अमेरिकन वैद्य हेन्री बीचर यांना असे आढळले की, गंभीर जखमा झालेले कित्येक सैनिक मॉर्फीन मागतही नव्हते; रणांगणातून जिवंत सुटका हा जखमेचा अर्थ त्यांच्या वेदनेला सौम्य करीत असावा, असे त्यांचे अनुमान होते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी या संबंधाची शारीरिक बाजू मांडली: मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक द्वार असून, ते कितपत उघडावे हे मेंदूकडून खाली येणारे संकेतही ठरवितात. त्या उपपत्तीच्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, तरी मुख्य तत्त्व टिकले. चिंता, भीती आणि एकाकीपणा यांचा परिणाम प्रत्यक्ष मज्जासंस्थेतच घडतो.

तीन महिन्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या दुखण्यात हे विशेष प्रत्ययास येते. पुन्हा कळ येईल या धास्तीने माणूस हालचाल टाळतो, त्यामुळे स्नायू दुर्बल होतात, मग अल्प श्रमानेही कळ येते आणि धास्ती दुणावते. झोप उडते, माणसांत जाणे सुटते, आणि औदासीन्य घर करते. हे चक्र भेदण्यासाठी औषधाच्या जोडीला बेताबेताने वाढविलेला व्यायाम आणि मानसोपचार यांचा उपयोग होतो. मात्र मानसतज्ज्ञाकडे पाठविणे ही उपचाराची दुसरी बाजू आहे, हे वैद्यांनी रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे, अन्यथा ती चिठ्ठी त्याला अविश्वासाचा हुकूमनामा वाटते.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना, दुखत असल्याचे रुग्णाने सांगितले की त्याच्या शब्दाचा आदर राखावा, असे नमूद केले आहे. घरच्या मंडळींनीही एवढेच करावे: पुरावा मागू नये, सगळी कामे हातांतून काढून घेऊन त्या व्यक्तीला निरुपयोगी ठरवू नये, आणि तिच्या शब्दालाच दाखला मानावे.